आमचे म्हणजे कोणाचे

टीव्हीवर प्रेम करायचं असेल तर आधी स्वतःचं नाव दारात काढून ठेवावं लागतं. ‘शेवटी दोघंच’ या कार्यक्रमात सहा मुलं आणि सहा मुली आल्या, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या छातीवर धंद्याचा बिल्ला लागला. प्रेक्षकांना नावं लक्षात राहत नाहीत, धंदे राहतात, असं निर्मात्यांचं मत होतं. त्यामुळे आपली नायिका झाली केकवाली, आणि तिच्या आईने हौसेने ठेवलेलं सुरेख नाव दोन महिने कोणाच्या तोंडी आलं नाही.

केकवाली खरंच केकवाली होती. एका बेकरीच्या मागच्या खोलीत, जिथे खिडकी नव्हती पण पंखा होता, तिथे उभी राहून ती क्रीमच्या पिशवीने केकवर लोकांची नावं काढायची. अक्षर मोत्यासारखं. गिऱ्हाइकं तिच्याच हातचा केक मागायची आणि कौतुक मालकीणबाईंचं करायची. मालकीणबाई ते कौतुक पगारासारखंच स्वतःकडे ठेवून घ्यायच्या. बेकरीच्या रस्त्याला पलीकडच्या वळणावर एक गाळा रिकामा पडला होता. पूर्वी तिथे कपडे धुऊन इस्त्री करून मिळायचे. केकवाली रोज जाता-येता त्या बंद शटरकडे बघायची आणि भट्टी कुठे बसेल, काचेचं कपाट कुठे येईल, हे मनात मांडायची. गाळ्याच्या मालकाने सांगितलेला आकडा आठवला की मात्र ती दर वेळी भराभर पावलं उचलायची.

कार्यक्रमाचा अर्ज मामांनी भरला होता. वडील गेल्यापासून मामा हेच घरातले कर्ते, म्हणजे राहायचे स्वतःच्या घरी पण मत द्यायला इकडे यायचे. “लग्नाचंही होईल आणि पैशाचंही होईल. एका दगडात दोन पक्षी,” मामा म्हणाले होते. दगड कोण, हे त्यांनी सांगितलं नाही.

कार्यक्रमाचा बंगला भाड्याचा, बागेतली फुलं भाड्याची, तळं मात्र खरं होतं, कारण त्यात एकमेकांना ढकलायचं असे. दर आठवड्याला एक जोडी बाहेर जायची. जाताना दोघंही रडायची, आणि रडू कमी पडलं तर पुन्हा एकदा रडायला लावायचे. शेवटी जी जोडी उरेल तिला पन्नास लाख. प्रेम अनमोल असतं हे सूत्रसंचालक रोज सांगायचा आणि लगेच हा आकडा सांगायचा.

केकवालीची जोडी जमली ती पडदेवाल्याशी. त्याच्या घरचं पडद्यांचं दुकान होतं. तो लोकांच्या घरी जाऊन मापं घ्यायचा, दांड्या बसवायचा. उंच, अबोल, हातात काम असलं की खूश. बाकीची मुलं छाती काढून तळ्याकाठी फिरत असताना या गड्याचं लक्ष मुलींच्या खोलीतल्या पडद्याकडे गेलं. पडदा आखूड होता आणि सकाळचं ऊन नेमकं केकवालीच्या डोळ्यांवर यायचं. तो स्टुलावर चढला, पडद्याची दुमड उसवली, हाताने टाके घालून पडदा लांब केला आणि कोणाला काही न बोलता निघून गेला. कॅमेऱ्याने अर्थातच सगळं टिपलं आणि बासरी लावून तीनदा दाखवलं. पण केकवालीने ते बासरीशिवाय पाहिलं होतं. आजवर तिच्या डोळ्यांवर ऊन येतं की नाही याची चौकशी कोणी केली नव्हती. ती तिथेच घसरली, आणि हे प्रेम खरं होतं, त्यात काही खोट काढण्यासारखं नाही.

पडदेवाल्याला एकच खोड होती. त्याच्या तोंडी ‘मी’ यायचा नाही. सगळं ‘आमच्याकडे’. आमच्याकडे टॉवेल दोनदा झटकून वाळत घालतात. आमच्याकडे जेवताना बोलत नाहीत. आमच्याकडे निळा रंग कोणाला आवडत नाही. केकवाली सुरुवातीला हसायची. एकदा तिने विचारलं, “तुला स्वतःला आवडतो का निळा?” त्यावर तो इतका वेळ विचारात पडला की तिनेच विषय बदलला.

आता या कार्यक्रमाचा खरा खेळ शेवटच्या भागात असायचा. उरलेल्या दोघांना काचेच्या दोन वेगळ्या खोल्यांत बसवायचे. एकाचं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशी सोय. सूत्रसंचालक आधी एकाला आणि मग दुसऱ्याला विचारायचा, “पैसे कोणाचे?” उत्तर एकाच शब्दात. दोघंही ‘आपले’ म्हणाली तर पैसे दोघांचे. एकाने ‘माझे’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘आपले’, तर सगळे ‘माझे’वाल्याला. दोघांनीही ‘माझे’ म्हटलं तर पैसे निर्मात्यांकडेच राहायचे, आणि निर्माते त्या दिवशी जेवण घालायचे.

आधीच्या पर्वांतल्या जोड्यांनी पैशाचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या पर्वातल्या दोघांनी निम्मे-निम्मे घेतले आणि महिन्याभरात वेगवेगळ्या वाहिन्यांवर बसून एकमेकांच्या घोरण्याबद्दल मुलाखती दिल्या. दुसऱ्या पर्वात तिने ‘माझे’ म्हटलं, त्याला ठेंगा दाखवला, आणि तरीही त्याने तिच्याशीच लग्न केलं. पैसे तिच्याकडेच होते ना. तिसऱ्या पर्वात दोघांनीही ‘माझे’ म्हटलं, दोघंही हात हलवत घरी गेली, आणि ती दोघं अजून सुखाने एकत्र नांदताहेत. एकमेकांना आम्ही पूर्ण ओळखतो, असं ती सांगतात.

पहिल्या जोडीच्या तमाशानंतर नियम बदलला होता. आता ‘आपले’ ठरलं तर पैसे हातात मिळायचे नाहीत, दोघांच्या जॉइंट अकाउंटमध्ये जायचे, आणि दोघांच्या सह्यांशिवाय त्यातली दमडीही निघणार नाही. हे कलम घातलं कार्यक्रमाच्या वकीलबाईंनी. बंगल्यात सगळे त्यांना नियमबाई म्हणायचे. नियमबाईंचा स्वतःचा घटस्फोट दोनदा झाला होता, त्यामुळे कलम पक्कं होतं.

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी केकवाली आणि पडदेवाला स्वयंपाकघरात गेले. भिंतीभिंतीत माइक होते, म्हणून तिने मिक्सरमध्ये नुसतं पाणी घालून तो सुरू केला आणि त्या घरघरीत दोघांनी ठरवलं.

“तू काय म्हणणार?” तिने विचारलं.

“जे तू म्हणशील ते.”

“मी ‘आपले’ म्हणणार.”

“मग मी पण तेच,” तो म्हणाला, आणि तिचा हात मिक्सरच्या झाकणावर होता त्यावर त्याने आपला हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी केकवालीला चकचकीत कपडे घालून काचेत बसवलं. तिने “आपले” म्हटलं. टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालक पडदेवाल्याच्या काचेकडे वळला. या माणसाने दोन चेहरे तयार ठेवले होते, एक आनंदाश्रूंचा आणि एक धक्क्याचा. “बोला पडदेवाले,” तो म्हणाला, “पन्नास लाख कोणाचे?”

पडदेवाल्याने कॉलर नीट केली. “आमचे,” तो म्हणाला.

सूत्रसंचालकाकडे तिसरा चेहरा नव्हता. प्रेक्षकांत काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. नियमबाई कागद चाळत बसल्या. त्यात ‘आपले’ होतं, ‘माझे’ होतं, ‘आमचे’ कुठेच नव्हतं. आणि उत्तर एकदाच द्यायचं, खुलासा करायचा नाही, हेही त्यांनीच लिहिलेलं होतं. काच उघडून कोणीतरी केकवालीला घडलेलं सांगितलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “आमचे म्हणजे कोणाचे?” पुढचे पंधरा दिवस सगळं जग हाच प्रश्न विचारत होतं.

निर्मात्यांना तर आयतं घबाड मिळालं. एका शब्दावर किती भाग निघतील याचा हिशेब करून त्यांनी निकाल लांबवला. ‘आमचे’ असं छापलेले कप विकायला आले. चर्चा बसवल्या. एका चर्चेला व्याकरण शिकवून निवृत्त झालेले एक सर आणले. त्यांचं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मन लावून ऐकत होतं, त्यामुळे त्यांनी खडू मागितला.

“आपण म्हटलं की ऐकणारा आत येतो,” सर फळ्यावर वर्तुळ काढत म्हणाले. “आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. मुलगा बोलत होता या सूत्रसंचालकांशी. त्याने यांना बाहेर ठेवलं, ते व्याकरणाने योग्यच आहे. उलट मुलीने यांच्यापुढे ‘आपले’ म्हटलं, त्या न्यायाने यांनाही वाटा द्यावा लागेल.”

सूत्रसंचालकाच्या चेहऱ्यावर त्या पर्वातलं पहिलं खरं हसू आलं.

“पण मग आत कोण आहे?” त्याने विचारलं. “ती आहे की नाही?”

“ते व्याकरण सांगत नाही,” सर म्हणाले. “बाहेर कोण ते सांगतं. आत कोण ते बोलणाऱ्याच्या मनात. काही लोक तर एकटेच असले तरी आम्ही म्हणतात.”

केकवालीने हे घरी बसून पाहिलं. निकाल लागेपर्यंत दोघांना आपापल्या घरी सोडलं होतं. भेटायला बंदी नव्हती, उलट भेटा, आम्ही मागे कॅमेरा घेऊन येतो, असा आग्रह होता. म्हणून पडदेवाल्याच्या आईने बोलावलं तेव्हा केकवाली, तिची आई आणि मामा कॅमेरेवाल्यांना न सांगता मागच्या दाराने गेले.

दुकानाच्या वर घर होतं. खिडक्या चार आणि पडदे बारा, त्यामुळे दुपारीही दिवे लावलेले. पडदेवाल्याची आई ठेंगणीठुसकी, बोलायला गोड. घरात मोठा भाऊ होता, तो पेपरमागे होता. त्याची बायको, म्हणजे पडदेवाल्याची वहिनी, चहाचे कप आणत होती.

“ये गं, ये,” पडदेवाल्याच्या आई केकवालीला म्हणाल्या. “टीव्हीत बारीक दिसतेस. आमच्याकडे नीट खायला घालतात हो माणसाला.”

पाच मिनिटं एकमेकांची मुलं कशी गुणी यावर गेली. सहाव्या मिनिटाला मामांनी खुर्ची पुढे ओढली. पैसे अजून कोणाला मिळाले नव्हते, मिळतील की नाही ठाऊक नव्हतं, पण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं तिथे सुरू झालं. मामा म्हणाले, मुलीच्या निम्म्यातून आधी आमच्या बहिणीच्या घराचं छप्पर. आई म्हणाल्या, छप्पर कशाला, मुलगी तर इकडेच येणार, त्यापेक्षा दुकानाची पोटमाळ्याची जागा वाढवून घेऊ. मामा म्हणाले, पोटमाळा तुमच्या निम्म्यातून करा. त्यावर आई मनापासून हसल्या.

“अहो, कसलं निम्मं घेऊन बसलात. ही त्या ‘आमचे’मध्ये आली की नाही? पोरगा साधा आहे माझा, पण बरोबर बोलला. ही आता आमचीच. मग हिचं निम्मं आणि त्याचं निम्मं असं वेगळं काय राहिलं?”

मामांनी पुढे ओढलेली खुर्ची परत मागे सरकवली. केकवाली गेले आठ दिवस एकाच काळजीत होती, की त्याच्या ‘आमचे’मध्ये आपण नसलो तर काय. आपण असलो तर काय, हा विचार तिला शिवला नव्हता. कप उचलण्याच्या निमित्ताने ती वहिनीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

वहिनी कप विसळत होती. तिने मागे न बघताच विचारलं, “खाली दुकानातून येताना शिवणयंत्र पाहिलंस? काळं, पितळी चाकाचं.”

“पाहिलं. छान आहे.”

“माझं होतं. माझ्या पैशाने घेतलेलं, लग्नाच्या आधी. मी ब्लाउज शिवायचे त्यावर, बायका दूरदूरहून यायच्या. इथे आल्यावर ते ‘आमचं मशीन’ झालं. आता त्यावर पडदे शिवतात. एकदा मी म्हटलं, माझ्या मशीनला तेल घाला, तर सगळे माझ्याकडे बघायलाच लागले.” वहिनीने कप पालथा घातला. “माणसं वाईट नाहीत हं. तसं मनात आणू नकोस. मला कधी काही कमी पडलेलं नाही.”

हे शेवटचं वाक्य वहिनी इतक्या सरावाने बोलली की केकवालीला तिथे उभं राहवेना. ती जिन्यात आली. पडदेवाला पायरीवर बसला होता. घरातली बोलणी त्याला ऐकवत नसावीत, किंवा त्याला कोणी बसायला सांगितलं नसावं.

“एक खरं सांग,” ती त्याच्या शेजारी बसून म्हणाली. “आपलं ‘आपले’ ठरलं होतं. तू ‘आमचे’ का म्हणालास?”

“अगं, समोर तो होता ना. त्या परक्या माणसाला ‘आपले’ कसं म्हणणार? तो आपला कोण? मला तर वाटलं मी बरोबरच बोललो.”

केकवालीला हसूच आलं. सरांनी खडू झिजवून जे सांगितलं ते या माणसाने काचेत बसून सहज केलं होतं. तिला त्या पडद्याचे टाके आठवले आणि तिने त्याच्या दंडाला डोकं टेकलं.

“म्हणजे आपल्या दोघांचे.”

“मग काय.”

“मग मी माझ्या निम्म्यातून तो वळणावरचा गाळा घेणार. तुला सांगितला होता ना, तो. सही करशील?”

तो पायरीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “करीन की,” तो म्हणाला. “आईला विचारू.”

“त्यांना का विचारायचं?”

“का म्हणजे? आमच्याकडे विचारूनच करतात सगळं.” त्याच्या आवाजात कपट नव्हतं, राग नव्हता, काही लपवलेलंही नव्हतं. ऊन येतं तर पडदा लांब करावा, तसंच हे त्याच्या लेखी उघड होतं. केकवालीने दंडावरचं डोकं काढून घेतलं.

पंधरा दिवसांनी विशेष भाग झाला. नियमबाईंनी तोडगा काढला होता. पडदेवाल्याला आता काही विचारायचं नाही, कारण त्याची बोलायची पाळी संपली. केकवालीला विचारायचं, त्याच्या ‘आमचे’मध्ये तुम्ही आहात का. ‘हो’ म्हणाली तर ‘आमचे’ म्हणजे ‘आपले’ धरायचं, पैसे जॉइंट अकाउंटला. ‘नाही’ म्हणाली तर त्याचं उत्तर बाद आणि सगळे पैसे तिचे. निर्माते खूश होते, कारण ‘नाही’ म्हटलं तर ती लोभी ठरणार आणि ‘हो’ म्हटलं तर बावळट, आणि दोन्ही प्रकार लोक आवडीने बघतात.

सगळ्यांनी आपापल्या परीने तिला सांगून ठेवलं होतं. मामा म्हणाले होते, “नाही म्हण, आयुष्याचं सोनं होईल.” आईने सकाळी तिच्या केसांना तेल लावताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला होता. मालकीणबाईंनी फोन करून कळवलं होतं की निकाल काहीही लागो, सोमवारी तीन मोठे केक आहेत.

स्टुडिओतले दिवे डोळ्यांवर येत होते. समोर पहिल्या रांगेत पडदेवाल्याचं घर बसलेलं, आई, पेपर नसलेला भाऊ, वहिनी. पडदेवाला बाजूच्या खुर्चीत, हात मांडीवर. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, काळजी करू नकोस अशी.

“विचार करून सांगा,” सूत्रसंचालक म्हणाला. या वेळी त्याने तीन चेहरे आणले होते. “त्यांच्या ‘आमचे’मध्ये तुम्ही आहात?”

केकवालीला खोटं बोलायचं नव्हतं. पैशासाठी तर नाहीच. पडदेवाला तिला आत घेत होता, हे तिला माहीत होतं, आणि त्याने तिला आत घेतलं याचा तिला अजूनही आनंद होत होता, हेच तर दुखत होतं.

“आहे,” ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदेवाल्याच्या आईने डोळे पुसले. सूत्रसंचालकाने योग्य तो चेहरा लावला आणि हात वर केला, पण केकवालीचं बोलणं संपलं नव्हतं.

“मी त्यात आहे,” ती म्हणाली, “पण मालकांत नाही. मालात आहे.”

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. नियमबाईंनी चष्मा वर केला आणि कोरडेपणाने विचारलं, “म्हणजे हो की नाही? एकच लिहायचंय.”

“नाही लिहा.”

मग जो गलका झाला त्यात कोणाचं कोणाला ऐकू गेलं नाही. मागच्या रांगांतून कोणी ‘पैशाची पोरगी’ म्हणालं, कोणी त्याहून वाईट. ‘आमचे’चा कप घेऊन आलेल्या एका बाईंनी तो खुर्चीखाली सरकवून दिला. वहिनी तेवढी बसल्या जागी मांडीवरची पर्स उघडझाक करत होती, आणि सासूबाई काय म्हणताहेत याकडे तिचं लक्ष नव्हतं.

बाहेर पडायच्या अरुंद बोळात, दिव्यांच्या वायरी ओलांडत केकवाली चालली होती तेव्हा पडदेवाला समोर आला. तो भांडेल असं तिला वाटलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

“आमच्याकडे तुला कधी काही कमी पडलं नसतं,” तो म्हणाला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. तो हे मनापासून बोलत होता आणि म्हणूनच तिला रडू आवरेना. हे रडणं टिपायला कॅमेरा कोणाकडे नव्हता. तिच्या पायाशी आलेली वायर त्याने बाजूला केली, आणि त्याच्या आईने हाक मारली तसा गेला.

घरी परतल्यावर मामा हजर होते. पेढीवर बसावं तसे ते टेबलाशी बसले होते. केकवालीने हातपाय धुतले, आई कणीक मळत होती तिथे ओट्याला टेकून उभी राहिली. मामा तिथूनच बोलू लागले.

“जिंकलीस. घराण्याचं नाव काढलंस. ती माणसं मला पहिल्यापासून पटली नव्हती. सगळं आपलं आमचं-आमचं. हावरट कुठली. आता असं करू, आपले पैसे आले की आधी आपण छप्पर करू. मग आपल्याला एक टेम्पो घेता येईल, मी चालवीन, भाडं आपल्यालाच.”

“मी गाळा घेणार आहे, मामा,” केकवाली म्हणाली. “मालकाशी बोलले मी.”

“गाळा कुठे पळून जातोय का. नंतर बघू आपण.”

“छप्पर मी करून देईन. टेम्पो नाही. गाळा आधी.”

मामा समजुतीने हसले. “अगं, असं तुटक बोलून कसं चालेल? एकदा सगळे बसू, आपल्या पैशाचं काय ते आपण सगळे मिळून ठरवू.”

केकवालीला वाटलं होतं की ‘आमचे’च्या बाहेर पडलो की ‘आपले’ लागेल आणि तिथे मोकळा श्वास घेता येईल. हे ‘आपले’ जास्त गोड होतं, यात तिला हाताला धरून आत ओढलेलं होतं, आणि दार तेच होतं. काचेच्या खोलीत बसून जो शब्द उच्चारायची तिला लाज वाटली होती, जो उच्चारला की प्रेक्षक हुर्यो करायचे, तो तिच्या जिभेवर आला. तिने तो परत गिळायचा प्रयत्नही केला.

“माझे आहेत ते,” ती म्हणाली. “पैसे माझे आहेत, मामा.”

ती ओरडली नव्हती. मामांच्या तोंडचा रंग मात्र तिने शिवी दिल्यासारखा उतरला. त्यांनी चष्म्याची डबी खिशात घातली, टीव्हीने पोरगी बिघडवली असं भिंतीला सांगितलं, आणि चपला पायात अडकवून निघून गेले. दार त्यांनी ओढून घेतलं नाही, मुद्दाम उघडंच टाकलं.

केकवालीने जाऊन दार लावलं. मनातून तिला हलकं वाटत होतं. आता आईला गाळ्याचं सगळं सांगायचं, तिला उद्याच दाखवायला न्यायचं, गल्ल्यावर तिलाच बसवायचं, असं तिने केव्हापासून ठरवलं होतं. ती स्वयंपाकघरात परत आली.

आईने कणकेचा गोळा झाकून ठेवला होता. ती नळाखाली हात धरून बोटांना चिकटलेली कणीक काढत होती, एकेक बोट सावकाश चोळून. तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले, पण मान वर केली नाही.

“आमच्याकडे असं बोलायची रीत नाही,” आई म्हणाली.

घरात दोघीच होत्या. आई हे तिलाच सांगत होती.